क्रिएटिनिन घटले म्हणजे डायलिसिस पुरेसे झाले, असे नव्हे

इंदुरात रामबाग परिसरातील मराठी कुटुंबांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक संदेश फिरत आहे: ‘डायलिसिसपूर्वीचे क्रिएटिनिन आठच्या खाली आले, की आठवड्यातली एक पाळी सोडली तरी चालते.’ हे चूक आहे आणि जिवावर बेतू शकते.

क्रिएटिनिन हा रक्तातला टाकाऊ पदार्थ असून तो स्नायूंतून तयार होतो. म्हणून रुग्णाचे जेवण तुटले, दंड सुकले, बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या, की हा आकडा आपोआप उतरतो. घरच्यांना ती सुधारणा वाटते, प्रत्यक्षात बहुधा ते कुपोषणाचे लक्षण असते.

डायलिसिस पुरेसे झाले का, हे मुख्यतः युरियावरून आणि एकाच पाळीच्या आधीच्या व नंतरच्या रक्ताची तुलना करून ठरवतात. आधी १४० आणि नंतर ४९ असेल, तर घट ६५ टक्के होते. आठवड्यातून तीनदा डायलिसिस घेणाऱ्यांसाठी ही किमान मर्यादा मानली जाते. केटी/व्ही या मापात (एका पाळीत शरीरातला युरिया किती साफ झाला, हे सांगणारा आकडा) किमान १.२ आणि उद्दिष्ट १.४ असते. नंतरचा नमुना डायलिसिस यंत्राच्या रक्तपंपाचा वेग मंद करून घ्यावा लागतो, नाहीतर नुकतेच शुद्ध झालेले रक्त त्यात मिसळून निकाल फसवा चांगला येतो.

शिवाय दोन पाळ्यांमध्ये साठणारे पाणी आणि पोटॅशियम क्रिएटिनिनच्या आकड्यात दिसतच नाहीत, आणि पाळी चुकल्यावर श्वास किंवा हृदय अडते ते त्यांच्यामुळेच. पाळी कमी करायची की नाही, हे नेफ्रॉलॉजिस्टनाच (मूत्रपिंडतज्ज्ञांनाच) ठरवू द्या.