बिनतारी दुकानाला लागणारी तार

"वायरलेस म्हणालास आणि वायरचं खोकं घेऊन आलास की!"

बेळगावात कुठल्याही दुकानात वायफाय बसवायला गेलं, की मालकांचं पहिलं वाक्य हेच. त्यांचं चुकत नाही. तारांच्या जंजाळातून सोडवणारा म्हणून ज्याला बोलावलं, तो माणूस ३०५ मीटर कॅट-सिक्स (नेटची) केबल खांद्यावर घेऊन, ड्रिल परजत आत शिरतो. माझं उत्तरही ठरलेलं आहे: "मालक, शेवटचे पंधरा फूट वायरलेस. तिथवर वायरच की."

खरा वैरी भिंत. रविवार पेठेतलं किंवा गणपत गल्लीतलं जुनं दुकान म्हणजे आगगाडीचा डबा. पुढं गल्ला, मध्ये भिंत, मागं गोदाम, परत भिंत, त्यामागं घर. भिंत दीड-दोन फुटी, दगडमातीची. उन्हाळ्यात गारवा देते म्हणून तिचं कौतुक सांगतात. वायफायला मात्र ती बाराही महिने थंड करते. त्यात आपला पाऊस. जून-जुलैत भिंत पाणी पिते आणि पाणी वायफायच्या लहरी पितं. मे महिन्यात ठणठणीत चाललेलं कनेक्शन श्रावणात माहेरी गेल्यासारखं गायब होतं.

म्हणून आधी मोबाईलवर ॲप लावून सिग्नल मोजत दुकानभर फिरायचं. उणे ६५ डीबीएमपर्यंत (हे सिग्नलच्या जोराचं माप) उत्तम, उणे ७५ च्या पलीकडं मोबाईलवरून प्रिंटरला पाठवायचं बिल अडखळणार. "उणे म्हणजे तोट्यातच की!" मालक दचकतात. ही उधारी समजा, जितकी कमी तितकी बरी, असं सांगितलं की लगेच पटतं. व्यापाऱ्याला डेसिबल कळायला याहून सोपी वाट नाही.

मग राउटरची जागा. मालकांचा कौल एकतर देवाच्या फोटोमागं, नाहीतर कुलपाच्या लोखंडी कपाटात, चोरीला जाऊ नये म्हणून. कपाटात चोर जात नाही हे खरं, पण लहरीही बाहेर येत नाहीत. जागा दुकानाच्या मधोमध, सात-आठ फुटांवर, स्टीलच्या डब्यांच्या आणि मोठ्या आरशांच्या आड नको. गोदामाला वेगळा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे तिथं वायफाय फेकणारं दुसरं डबडं, आणि त्याच्यापर्यंत (हो, पुन्हा) वायर. एका दमात १०० मीटरपेक्षा लांब नको, विजेच्या लायनीपासून फूटभर दूर, आणि पाइपातून. गोदामात तांदळाच्या जोडीला उंदीर असतातच, आणि केबलचं प्लास्टिक त्यांना का आवडतं ते त्यांनाच ठाऊक.

टोकाला आठ तारांचा कनेक्टर दाबायचा. नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. पाढ्यासारखं पाठ हवं. आठांतली एखादी तार केसभर आखूड राहिली, तरी दिवा लागतो, पण नेट कासवाच्या चालीनं. त्या केसभराचा दोष पुढचे सहा महिने नेट देणाऱ्या कंपनीला लागतो.

चॅनेलचंही, म्हणजे वायफाय ज्या वाटेनं जातं तिचंही, तसंच. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांना धक्का न देणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. गल्लीतली वीस दुकानं मात्र 'ऑटो' ठेवून एकाच चॅनेलवर ओरडत असतात. खडे बाजारात सणाच्या आदल्या संध्याकाळी असतं तसं. बिलाचा मोबाईल गल्ल्याजवळ असेल, तर त्याला सरळ ५ गिगाहर्ट्झवर टाकावं. तिथं गर्दी कमी. पण ती लहर नाजूक, भिंत बघितली की मागं फिरते.

हे सगळं जमलं, की करंट जातो. पुन्हा आला, की प्रिंटर मुका. कागद आहे, दिवा आहे, बिल नाही. मालक दोन चापट्या मारून बघतात. झालेलं इतकंच असतं, की राउटर उठल्याबरोबर त्यानं घरातल्या सगळ्यांना नवे नंबर, म्हणजे नेटवर्कमधले पत्ते, वाटले, आणि मोबाईल अजून जुन्याच पत्त्यावर बिल पाठवतोय. म्हणजे घर बदललेल्या भाडेकरूची पत्रं. राउटरच्या सेटिंगमध्ये प्रिंटरचा पत्ता एकदाच राखीव करून टाकला, की चापट्या वाचतात. शिवाय राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावावा; इन्व्हर्टर पलटायच्या क्षणात राउटर झोपला, तर उठून तोंड धुवायला त्याला दोन मिनिटं लागतात. आणि बाहेरून नेट आत आणणारं फायबरचं ते पांढरं डबडं! निम्मी दुकानं राउटरला बॅटरी देतात आणि त्याला विसरतात. वायफाय जोरात, नेट शून्य.

पण खरी करमणूक बिल छापताना. स्वस्तातल्या बऱ्याच थर्मल प्रिंटरांच्या पोटात देवनागरी अक्षरंच नसतात. 'कुंदा अर्धा किलो' पाठवलं, की बाहेर येतं '????? ????? ????'. मालक चिडून कन्नड लावायला सांगतात. तेही '?????'. सीमाभागात दोन्ही भाषांना इतकी समान वागणूक देणारं यंत्र मी तरी दुसरं बघितलं नाही. उपाय आहे: ॲपमध्ये बिल चित्र म्हणून छापायचं. छान उमटतं, पण सावकाश, आणि गणपतीच्या गर्दीत तेवढा धीर गिऱ्हाइकाला नसतो. शेवटी नावं इंग्रजीतच जातात. रोल घेताना रुंदी बघावी, ५८ की ८० मिलिमीटर. आणि बसवताना नखानं ओरखडा काढावा. काळी रेघ उमटते ती छापायची बाजू. उलटा बसला तर प्रिंटर कोरी बिलं काढत राहतो, उधारीवाल्यांची आवडती.

पैसे जमा झाले की ओरडून सांगणाऱ्या साऊंडबॉक्सचं मात्र माझ्याकडं काही नाही, हे सांगून सांगून थकलो. त्याच्यात स्वतःचं सिम असतं, त्याचा तुमच्या वायफायशी संबंध नाही. लोखंडी गल्ल्यातून काढून पुढं ठेवा, बोलेल. कुठल्या भाषेत बोलावा, यावर तास जातो. मालकांना मराठी हवी, गल्ल्यावरच्या पोराला कन्नड बरी. मराठीचं ठरतं, आणि पहिलंच पेमेंट ८९ रुपयांचं येतं. "एकोणनव्वद म्हणजे किती बे?" पोरगं विचारतं, आणि मालकही बोटं मोजायला लागतात.

संध्याकाळी सगळं सुरू होतं. मालक पैसे मोजून देतात, खोक्यात डोकावतात. माडीवरून काकू हाक मारतात:

"उरलेली वायर ठेवून जा की. पावसात कपडे वाळत घालायला होईल."