ब्रिटनची शेती लंडन चालवतं म्हणे

गेले काही दिवस इथल्या मराठी ग्रुप्सवर एक मेसेज फिरतोय. ब्रेक्झिटनंतर ब्रिटनमधली शेती आणि पर्यावरण सगळं लंडनच्या हातात गेलं, स्कॉटलंड, वेल्स, नॉर्दर्न आयर्लंडची सरकारं नुसती सही करायला उरलीत, आणि लंडन धरून या चौघांचं आपसात इतकं वाकडं आहे की मिळून एकही काम होत नाही. मी वेल्समध्ये राहतो, आजूबाजूला मेंढ्या पाळणारे शेतकरी आहेत, त्यामुळे हे वाचून गप्प बसवेना.

"सगळं लंडनच्या हातात." नाही हो. शेती आणि पर्यावरण हे विषय 1999 पासूनच या सरकारांकडे आहेत. आधी चौकट युरोपियन युनियनची होती, ती गेल्यावर प्रत्येकाने आपापली वाट धरली. इंग्लंड जमिनीच्या आकारावर मिळणारं जुनं अनुदान टप्प्याटप्प्याने बंद करतंय, स्कॉटलंडने थेट अनुदान चालू ठेवलंय, वेल्सने 2023 मध्ये आणि स्कॉटलंडने 2024 मध्ये स्वतःचा शेती कायदा केला. लंडनकडे काय आहे तर वारसा कर आणि परदेशांशी व्यापार करार, म्हणजे ऑस्ट्रेलियाचं मटण किती येणार ते तिथे ठरतं, आपल्याकडे कांद्याची निर्यातबंदी दिल्लीत ठरते तसंच.

"नुसती सही करतात." मग 2024 च्या मार्चमध्ये शेतकऱ्यांनी गमबुटांचे 5,500 जोड कार्डिफला वेल्सच्या संसदेच्या पायऱ्यांवर का आणून मांडले, लंडनला का नाही नेले? वेल्स सरकारच्या शेतकऱ्यांसाठीच्या नव्या अनुदान योजनेत 10 टक्के जमिनीवर झाडं हवीत अशी अट होती, आणि योजनेमुळे शेतीतले साधारण 5,500 रोजगार जातील असा अंदाज सरकारच्याच अभ्यासात होता, म्हणून तेवढे जोड. योजना एक वर्ष पुढे गेली, 10 टक्क्यांची अट काढली, आणि 1 जानेवारी 2026 ला ती सुरू झाली. अट घातली कार्डिफने, काढलीही कार्डिफने.

"मिळून काहीच होत नाही." कार्बन उत्सर्जनाचा बाजार, म्हणजे कार्बन सोडायचे परवाने जिथे विकले जातात तो, 2021 पासून चारही सरकारं मिळून चालवतात. एकदा वापरून फेकायच्या व्हेपवर (ई-सिगारेटवर) 1 जून 2025 ला चारही ठिकाणी एकाच दिवशी बंदी आली. चौघांचे शेती-पर्यावरण मंत्री बैठका घेतात आणि कीटकनाशकं, खतं, जनावरांचे रोग यावर नियम कितपत वेगळे ठेवायचे हे बोलून ठरवायची पद्धतही आहे.

पण एक गोष्ट मेसेज लिहिणाऱ्याच्या हातून निसटली, खरं तर त्याने तीच लिहायला हवी होती. 2020 चा अंतर्गत बाजार कायदा. एका भागात कायदेशीर विकला जाणारा माल दुसऱ्या भागातही विकता आला पाहिजे, असा त्याचा गाभा. स्कॉटलंड आणि वेल्सच्या संसदांनी संमती नाकारली, तरी लंडनने तो केला. मग स्कॉटलंडने बाटल्यांवर डिपॉझिट घ्यायची योजना आणली, त्यात काचेच्या बाटल्याही हव्या होत्या, लंडनने या कायद्यातून सूट देताना काच वगळायला सांगितलं आणि जून 2023 मध्ये योजना पुढे ढकलावी लागली. काचेसाठीच वेल्स 2024 मध्ये बाटल्यांच्या डिपॉझिटच्या सामाईक योजनेतून बाहेर पडलं. म्हणजे कायदा करायचा हक्क आहे, पण तो किती चालेल हे पुष्कळदा लंडनवर अवलंबून, आणि हे मला अजिबात पटत नाही.

तसंच पैशाचं. लंडनकडून या तिन्ही सरकारांना शेतीसाठी राखून मिळणारा वेगळा निधी 2025-26 पासून तसा राहिला नाही, तो त्यांना मिळणाऱ्या सर्वसाधारण अनुदानात गेला, पुढची वाढ-घट लोकसंख्येच्या हिशोबाने. स्कॉटलंडची लोकसंख्या ब्रिटनच्या जेमतेम 8 टक्के आणि जमीन जवळपास एक तृतीयांश, मग डोंगरातल्या शेतकऱ्याच्या वाट्याला काय येणार?