साठ टाके आणि एक लडी

जाळीदार स्कार्फ विणायला घेतला होता, आणि लोकरीची एकच लडी होती. ५० ग्रॅम, ४०० मीटर. लेबल वाचून वाटलं, ४०० मीटर म्हणजे मैदानाची एक फेरी, त्यात काय! पळणारे ती मिनिटभरात संपवतात. मला अडीच महिने लागले, आणि त्यातला पहिला आठवडा तर मी सुरुवातीच्या रेषेवरच गुंतून पडले होते.

लडी आणली की लगेच विणायला बसायचं नसतं. आधी ती खुर्चीच्या पाठीवर चढवायची, मग तिला चार ठिकाणी बांधलेले दोरे कापायचे आणि सावकाश गुंडा करायचा. मी दोरे आधी कापले. पुढचं सांगत नाही. टोक सापडलं तेव्हा मी ते नवऱ्याला झोपेतून उठवून दाखवलं, एवढंच.

नमुना सोपा निवडला होता. चारातल्या तीन ओळी अगदी साध्या, सगळा उद्योग उरलेल्या एकीत. सुईवर लोकर नुसतीच घेतली की एक टाका वाढतो आणि जाळीचं भोक पडतं. दोन टाके एकत्र विणले की एक कमी होतो. १८ टाक्यांत सहा वेळा वाढवायचा, सहा वेळा कमी करायचा, म्हणजे हिशोब जिथल्या तिथे. असे तीन नमुने, दोन्ही कडांना तीन-तीन टाके. एकूण ६०. कागदावर ६०. सुईवर कधी ५९, कधी ६१. एकदा ६४ भरले, तेव्हा मी सुया खाली ठेवून चहा करायला गेले.

मोजणं हे एकट्याचं काम आहे. मी "एकेचाळीस, बेचाळीस" करत असताना नवरा आतून ओरडला, "अगं, तुझ्या फोनवर ओटीपी आलाय, वाच ना जरा!" सहा आकडे वाचून दिले. त्याचं बिल भरलं गेलं. मी मात्र बेचाळीसच्या पुढे कितीतरी वेळ त्या ओटीपीतच टाके मोजत होते.

साध्या विणकामात चूक झाली तर उसवता येतं. जाळीचं तसं नाही. त्या भोकाचा टाका म्हणजे नुसताच वेढा. सुईवरून निसटला की होता की नव्हता याचाही पुरावा उरत नाही. म्हणून जाणत्या बायका दर थोड्या ओळींनी सगळ्या टाक्यांतून एक वेगळा दोरा ओवून ठेवतात, म्हणजे उसवणं त्या दोऱ्याशी येऊन थांबतं. हे मला दोनदा पहिल्यापासून सुरुवात केल्यावर कळलं. घरात गुळगुळीत दोरा एकच सापडला, दात साफ करायचा. छान सरकतो. पण तो पुदिन्याच्या वासाचा होता, त्यामुळे स्कार्फला पुढे महिनाभर नुकत्याच चूळ भरलेल्या माणसाचा वास येत होता.

शेवटी शेवटी वेगळीच धडधड. लोकर पुरेल का? टाके बंद करायला स्कार्फच्या रुंदीच्या तीन-चार पट तरी लोकर लागते. मी दर संध्याकाळी गुंडा स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवायचे. पाच ग्रॅम. तीन. एक. मग काट्याने शून्य दाखवलं. माझ्या हातात चांगली लोकर दिसत होती, आणि काटा म्हणत होता की काही नाही. मी भराभर विणू लागले, जणू घाई केली की लोकर कमी लागते. टाके बंद झाले तेव्हा हातात वीतभर उरली होती.

सुयांवरून उतरलेला स्कार्फ चुरगळलेल्या फडक्यासारखा दिसत होता. तो कोमट पाण्यात भिजवून, टॉवेलात दाबून, गादीवर ताणून टाचण्या लावायच्या आणि वाळेपर्यंत हात लावायचा नाही. ताणला तशी भोकं उघडली, लाटा सुटल्या, लांबी हातभर वाढली. आणि बरोबर मधोमध, जिथे भोक असायला हवं होतं तिथे, विणीचा एक घट्ट ठिपका मला दिसला.

नवरा उशी काखेत घेऊन गादीपाशी येऊन थांबला. बराच वेळ वाकून बघत राहिला. मग नेमकं त्या ठिपक्यावर बोट नेऊन म्हणाला, "ही एवढीच जागा नीट झालीय गं. बाकी सगळीकडे भोकं पडलीत."