ग्लीसन स्कोअर ६ म्हणजे '६० टक्के कॅन्सर' नव्हे

प्रोस्टेट या पुरुषांमधल्या ग्रंथीच्या बायॉप्सीत (तुकडा काढून केलेल्या तपासणीत) 'ग्लीसन ६' आलं म्हणजे दहापैकी सहा, कॅन्सर निम्म्याहून जास्त पसरला, असा एक संदेश फिरतो आहे. तो चुकीचा आहे, आणि तो वाचून माणसं विनाकारण हादरतात.

हा आकडा पसरण्याचा नाहीच. कॅन्सर कुठवर गेला हे 'स्टेज' सांगते. ग्लीसन सांगतो पेशींची मांडणी किती बिघडली आहे. डोनाल्ड ग्लीसन या अमेरिकी पॅथॉलॉजिस्टनी १९६० च्या दशकात सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या ग्रंथींच्या रचनेवरून १ ते ५ असे नमुने ठरवले. सुट्या, नीट घडलेल्या ग्रंथी म्हणजे ३; एकमेकींत मिसळलेल्या, अर्धवट घडलेल्या ४; ग्रंथीच उरल्या नाहीत तर ५. बायॉप्सीत सर्वांत जास्त दिसणारा नमुना आणि उरलेल्यांतला सर्वांत वाईट नमुना यांची बेरीज म्हणजे स्कोअर; एकच नमुना असेल तर तोच दोनदा धरतात. १ आणि २ आता बायॉप्सीत जवळजवळ दिलेच जात नाहीत. म्हणून ३+३=६ हा व्यवहारात सर्वांत खालचा स्कोअर ठरतो! अशा अनेक रुग्णांना लगेच उपचारांऐवजी नियमित देखरेख सुचवली जाते.

हाच गोंधळ टाळायला २०१४ मध्ये तज्ज्ञांनी १ ते ५ असे ग्रेड ग्रुप ठरवले. ६ म्हणजे ग्रुप १. ८ म्हणजे ४, आणि ९-१० म्हणजे ५.

७ मात्र नीट वाचा. ३+४ म्हणजे ग्रुप २, ४+३ म्हणजे ग्रुप ३, आणि दुसऱ्यात धोका जास्त. रिपोर्टमध्ये फक्त बेरीज दिसली, तर दोन्ही आकडे डॉक्टरांना जरूर विचारा. पीएसए (प्रोस्टेटमधून रक्तात येणाऱ्या एका प्रथिनाची पातळी) आणि स्टेजही सोबत पाहिल्याशिवाय पुढचा अंदाज बांधता येत नाही.