मागच्या सीटचा कार्यभार

बँकेच्या नोकरीत कार्यभार सोपवण्याची एक रीत असते. जाणारा अधिकारी तिजोरीच्या किल्ल्या, शिक्के आणि रजिस्टरे येणाऱ्याच्या स्वाधीन करतो, दोघे कागदावर सह्या करतात आणि त्या क्षणापासून शाखेत जे काही बिघडेल त्याला येणारा जबाबदार असतो. जानेवारीच्या अखेरीस शाल, श्रीफळ आणि 'आता घराकडे लक्ष द्या' हा पुरुष सहकाऱ्यांचा आशीर्वाद घेऊन मी शाखेबाहेर पडले, तेव्हा यापुढे असला कोणताही कार्यभार आपल्या वाट्याला येणार नाही, अशी माझी समजूत होती. फेब्रुवारीत मी यांच्या मोटारसायकलच्या मागच्या सीटवर बसले आणि एकही सही न होता मला नवीन पद मिळाले.

निवृत्ती मोटारसायकलवरून साजरी करण्याची कल्पना अर्थातच यांची. मुलीने केरळची सहल सुचवली होती, आणि त्या सहलीत सीटला पाठ होती, खिडकीला काच होती, बॅगा उचलायला माणूस होता. 'पॅकेजने म्हातारे जातात,' असा निकाल देऊन हे कॉलेजच्या दिवसांपासून मनात असलेली बुलेट घेऊन आले. पैसे माझ्या ग्रॅच्युइटीतून गेले, एवढे केवळ नोंदीसाठी सांगून ठेवते. पुण्याहून ताम्हिणी उतरून माणगाव, श्रीवर्धन, हरिहरेश्वर आणि पुढे किनाऱ्याकिनाऱ्याने खाड्या ओलांडत दक्षिणेला जायचे, असा बेत ठरला.

निघण्यापूर्वी मी सवयीने कागदपत्रे तपासली आणि यांचा वाहन परवाना यांच्या साठाव्या वाढदिवशीच निवृत्त झाल्याचे उघडकीला आले. मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर पन्नास ते पंचावन्न या वयात नूतनीकरण केलेला परवाना साठी पूर्ण होईपर्यंतच चालतो. परवाना घरी बसला होता, हे मात्र स्कूटरवरून मंडईत हिंडत होते. मग डॉक्टरांचे प्रमाणपत्र, अर्ज आणि फेऱ्या झाल्या. दुसरा वाद साडीगार्डचा. गाडी आणल्याच्या दुसऱ्याच दिवशी यांनी 'लूक जातो' म्हणून ते काढून माळ्यावर टाकले होते. मागे बसणाऱ्यासाठी धरायला मूठ, पाय ठेवायला जागा आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारे संरक्षण असलेच पाहिजे, असे 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 123 वा नियम सांगतो. मी तो छापून चहाच्या कपाखाली ठेवला. साडीगार्ड माळ्यावरून खाली आले. मी प्रवासात साडी नेसणार नव्हते, पण ओढणीलाही नियम लागू आहे.

आता मुख्य अडचणीकडे येते. साठीच्या बाईने बुलेटवर चढायचे कसे, याचा विचार ती बनवणाऱ्यांनी केलेला दिसत नाही. सीट जमिनीपासून सुमारे ऐंशी सेंटीमीटर उंच, मागे कॅरियरवर बांधलेली बॅग, पुढे यांची पाठ, आणि या दोन भिंतींमधल्या फटीतून उजवा पाय पलीकडे न्यायचा. डावा पाय फूटरेस्टवर ठेवून मी वजन टाकले की गाडी माझ्याकडे कलते, हे दोन्ही पाय रोवून तिला सावरतात आणि 'थांब, थांब, अजून नको' असे ओरडतात. या सूचनेच्या वेळी माझा एक पाय हवेत असतो. त्या अवस्थेत थांबता येते, असे फक्त त्यालाच वाटू शकते ज्याचे दोन्ही पाय जमिनीवर आहेत.

यावर उपाय एकच निघाला, तो म्हणजे ओटा. वीत-दोन वीत उंचीच्या एखाद्या दगडावर, पायरीवर किंवा मोरीच्या कठड्यावर उभे राहिले की पाय सहज पलीकडे जातो. त्यामुळे आमच्या प्रवासात कोठे थांबायचे हे चव, स्वच्छता किंवा निसर्गसौंदर्य यांवरून ठरत नसे. पौडच्या पुढे एका टपरीवर भजी तळल्याचा सुंदर वास येत होता, पण तिच्यापुढे सपाट अंगण होते. पुढच्या टपरीतला चहा गुळमट आणि गार होता, पण तिथला ओटा अगदी मापाचा होता. मी तोच चहा आवडीने प्याले. मुळशीच्या जलाशयाचे छायाचित्र आमच्याजवळ नाही, कारण जिथून पाणी चांगले दिसत होते तिथे चढायला काही नव्हते.

श्रीवर्धनला पोचल्यावर माझ्या मनाला मोठाच आधार मिळाला. हे पहिल्या भट पेशव्यांचे गाव. ज्या बाळाजी विश्वनाथांना शाहू महाराजांनी 1713 मध्ये पेशवेपद दिले, त्यांना घोड्यावर स्वार होताना दोन्ही बाजूंनी धरायला एकेक माणूस लागत असे, असे इतिहासात सांगितले जाते. एवढे असूनही त्यांनी राज्याची घडी बसवली. मी हे यांना ऐकवले. 'त्यांच्याकडे दोन माणसे होती, इथे मी एकटा आहे,' असे उत्तर मिळाले.

चढून झाल्यावर आराम असतो, असा पुढे बसणाऱ्यांचा गैरसमज आहे. हे फक्त समोर पाहतात, उरलेल्या तीन दिशा माझ्याकडे. मागून येणारा ट्रक, डावीकडचे कुत्रे, उजवीकडचा फाटा, हातातल्या फोनवरचा नकाशा, त्या फोनची बॅटरी, पैशांचे पाकीट, यांचा वाचायचा चष्मा, रक्तदाबाच्या गोळ्या, दशम्यांचा डबा आणि सैल होत चाललेली बॅगेची दोरी हे सगळे माझ्या खात्यावर जमा होते. पेट्रोलचा हिशोबही मीच ठेवत असे. प्रत्येक थांब्यावर कोणी ना कोणी तरुण येऊन 'काका, ॲव्हरेज काय देते?' असे विचारी आणि हे छाती काढून 'चाळीस' म्हणत. माझी वही चौतीसच्या पुढे कधी गेली नाही. पण मागच्या सीटला कोणी काही विचारत नाही, त्यामुळे ही तफावत अहवालात आली नाही.

बोलण्याचा प्रश्न तर याहून बिकट होता. वारा, इंजिनाची धडधड आणि दोन हेल्मेटे यांतून माझे वाक्य यांच्या कानापर्यंत पोचेतो तो फाटा मागे गेलेला असे. म्हणून घरूनच आम्ही खुणा ठरवल्या होत्या. खांद्यावर एकदा थाप म्हणजे सावकाश, दोनदा म्हणजे थांबा. ताम्हिणीच्या पहिल्या उताराला मी जीव मुठीत धरून एक थाप मारली आणि गाडी वेगाने सुटली. खाली आल्यावर चौकशी केली, तेव्हा यांना ती शाबासकी वाटली होती, असे समजले. पुढे मी थेट दोन थापांपासून सुरुवात करू लागले. करकचून ब्रेक लागे, माझे हेल्मेट यांच्या हेल्मेटवर ठण्णकन आपटे आणि 'काय झाले?' असा प्रश्न येई. झालेले काही नसे. होऊ नये, यासाठीच तर थाप होती.

वळणांचेही एक शास्त्र यांनी मला समजावून दिले. वळणावर गाडी ज्या बाजूला झुकते त्याच बाजूला मागच्याने झुकायचे. शास्त्र बरोबर आहे, मागचा माणूस उलट कलला तर गाडी वळायला कुरकुर करते, हे मलाही पटते. पण माझी सारी नोकरी कर्जाच्या अर्जांची छाननी करण्यात गेली. समोरचा एका बाजूला फार झुकतो आहे असे दिसले की आपण दुसऱ्या बाजूला सरकून तोल सांभाळायचा, हे माझ्या हाडात मुरलेले आहे. घाटभर हे डावीकडे आणि मी उजवीकडे, अशा बहुपक्षीय सरकारसारखे आम्ही खाली उतरलो.

हरिहरेश्वराची प्रदक्षिणा झाल्यावर बागमांडल्याहून पलीकडे वेश्वीला जायला फेरीबोट आहे, तिला इकडे जंगलजेटी म्हणतात. सावित्रीची खाडी ओलांडली की रायगड जिल्हा संपून रत्नागिरी लागतो. बोटीवर चढताना मागच्याने उतरायचे, तिकीट काढायचे, ओल्या निसरड्या उतारावरून चालत जायचे आणि पलीकडे पुन्हा चालत वर यायचे, असा दंडक आहे. हे मात्र ऐटीत गाडीवरच बसून आत शिरले आणि बोटीवरच्या मंडळींना ॲव्हरेज सांगू लागले. वेश्वीच्या धक्क्यावर कठडा होता, हे मी बोटीतूनच हेरून ठेवले.

पंक्चर झाले ते आडे आणि पाडले यांच्यामधल्या रस्त्यावर. तिथे रस्ता समुद्राला अगदी लागून जातो, माडांच्या झावळ्यांतून वारा येतो आणि माणसाला आपण निवृत्त झाल्याबद्दल प्रथमच बरे वाटू लागते. नेमके तेव्हाच मागचे चाक डुलायला लागले. मागच्या चाकाचे दुःख मागच्या सीटला आधी कळते. मी दोन थापा मारल्या, हे थांबले आणि 'आता काय?' म्हणाले. मी खाली बोट दाखवले. त्यात पुन्हा तारांचे चाक आणि आत ट्यूब, म्हणजे चाक काढल्याशिवाय गत्यंतर नाही. गावातून एक मुलगा पाने, पंप आणि डिंकाची नळी घेऊन आला. यांनी त्याला वाहनशास्त्राच्या सूचना दिल्या, त्या त्याने अत्यंत आदराने ऐकल्या आणि त्यांतली एकही पाळली नाही. निघालेले नट-बोल्ट माझ्या ओंजळीत येत गेले. मी ते ओढणीवर ओळीने, निघाले त्या क्रमाने मांडले.

चाक परत बसले, हवा भरली, मुलगा पैसे घेऊन गेला आणि ओढणीवर एक वॉशर उरला.

यांच्या मते तो जास्तीचाच असतो. कंपनी एखादा जादा घालून ठेवते. मी बँकेत आयुष्य काढलेली बाई. दिवसाअखेर रोकड कमी भरली तर निदान कोणाकडून तरी वसूल करता येते, पण जास्त भरली तर रात्री झोप लागत नाही, कारण ती कोणाची तरी असते आणि तो कोणीतरी उद्या येणार असतो. मी चाकाकडे बोट दाखवून 'तो कोणीतरी इथे आत आहे' असे म्हटले. हे हसले. वॉशर मी छोट्या पाकिटात घालून, त्यावर तारीख आणि ठिकाण लिहून, सस्पेन्स खात्यात, म्हणजे मेळ न लागलेल्या गोष्टींच्या खात्यात, ठेवला. आंजर्ले येईपर्यंत मी प्रत्येक खडखडाट कान देऊन ऐकत होते आणि बुलेट हे वाहन असे आहे की त्यात खडखडाट सोडून ऐकण्यासारखे दुसरे काही नसते.

आंजर्ल्याहून हर्णै करून दापोलीला मुक्काम झाला. रात्री जेवताना यांनी प्रवासाचा आढावा घेतला. त्यात गाडीची कामगिरी उत्तम होती, यांचे चालवणे उत्तम होते, आणि माझ्याबद्दल 'तुझे काय, तुला नुसते बसायचे असते' असे एकच वाक्य होते.

बँकांमध्ये संवेदनशील जागी काम करणाऱ्यांना दरवर्षी, आगाऊ न कळवता, सलग किमान 10 कामकाजी दिवस सक्तीच्या रजेवर पाठवावे, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. त्याच्या खुर्चीत दुसरा बसला की त्या खुर्चीत आजवर काय काय चालत होते ते आपोआप बाहेर येते, हे त्यामागचे तत्त्व. सकाळी मी यांच्या हातात यांचाच फोन, चष्मा, पाकीट, गोळ्या आणि पेट्रोलची वही ठेवली, आपण सक्तीच्या रजेवर जात असल्याचे सांगितले आणि दापोलीच्या स्थानकावर दाभोळची एसटी पकडली. रस्ता साधारण तीस किलोमीटरचा. खिडकीला काच होती, सीटला पाठ होती आणि 2023 पासून बायकांना एसटीत अर्धे तिकीट आहे, त्यामुळे सुट्टीचा खर्चही निम्म्यात भागला. वळणांवर मी कोणत्याही बाजूला झुकले नाही. चालकाने तशी अपेक्षाही केली नाही.

दाभोळ हे बहमनी आणि आदिलशाही काळातले गाजलेले बंदर. समुद्रापारचे घोडे येथे उतरवले जात. त्या घोड्यांना वाट सांगायला मागे कोणी बसत नसावे. मी चहा घेतला, खाडीकाठची जुनी मशीद पाहून आले, धोपाव्याला जाणाऱ्या जंगलजेटीची वेळ विचारली आणि धक्क्यावर बसले. एक जंगलजेटी गेली. दुसरी गेली. फोन लावला तर तो वाजत राहिला, म्हणजे तो यांनी बॅगेत टाकला होता आणि हेल्मेटच्या आत त्याचा आवाज पोचत नव्हता. तो एरवी कोणाच्या हातात असतो, हे यावरून सिद्ध झाले, पण ऐकायला कोणी नव्हते.

तिसरी जंगलजेटी लागायच्या सुमारास उतारावरून ओळखीची धडधड आली. यांचे तोंड जांभ्याच्या धुळीने लालबुंद झाले होते, बॅग दोरीतून निसटून एका बाजूला लोंबत होती आणि हँडलला सोड्यांची एक मोठी पिशवी अडकवलेली होती. सोडे दापोलीत बाजारात मिळतात, पण या पिशवीवर हर्णैचे नाव होते. हर्णै दाभोळच्या बरोबर उलट दिशेला आहे आणि आदल्या दिवशी आम्ही तिथूनच आलो होतो.

"अहो, त्याच रस्त्याने तर आलो आपण काल," मी म्हटले.

"तेच तर," हे हेल्मेट काढत म्हणाले. "रस्ता ओळखीचा वाटला, म्हणून निर्धास्त गेलो. तू मागे असतीस, तर मध्येच काहीतरी बोलून घोळ केला असतास."