आधी दिवे, मग स्क्रीन

गेले पंधरा दिवस घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकच विषय आहे. बाबांची २००९ ची गाडी आता धाकटा भाऊ चालवतो. १५ वर्षं झाली तेव्हा त्याने तिचं पासिंग करून घेतलं, आरसी पाच वर्षांनी वाढली. भाच्याला तिच्यात दहा इंची अँड्रॉइड स्क्रीन, मागे कॅमेरा आणि पुढे पांढरेशुभ्र एलईडी हवेत. एवढं केलं की गाडी नवी, असं तो म्हणतो. चुलतभावाच्या मते तो पत्र्याचा डबा आहे, भंगारात द्यावा. मी एवढंच लिहिलं की एलईडी नको, आधी हेडलाइट घासून घ्या. त्यावर चुलतभावाचं उत्तर आलं, "ताई, तू तिकडे जर्मनीत ऑटोबानवर फिरतेस. इथल्या रस्त्यांचं तुला काय?"

हे मला लागलं. तरीही दिव्यांबद्दलचं माझं म्हणणं मी सोडणार नाही.

आपल्याकडच्या बहुतेक जुन्या छोट्या गाड्यांत एच४ हॅलोजन असतो. एकाच बल्बमध्ये दोन तारा, अप्परची ६० वॅटची, डिपरची ५५ ची. डिपरच्या तारेखाली पत्र्याची इवलीशी वाटी असते, ती खालच्या बाजूचा उजेड अडवते. मागचा आरसा, म्हणजे रिफ्लेक्टर, त्या तारेची जागा मिलिमीटरमध्ये धरून घडवलेला असतो. तिथे स्वस्तातला एलईडी खोचला की उजेड भलत्याच ठिकाणाहून निघतो आणि वर फेकला जातो. गाडीत बसलेल्याला वाटतं, वा, काय लख्ख दिसतंय! समोरून येणारा मोटरसायकलवाला मात्र दोन-तीन क्षण आंधळा होतो. १०० वॅटचा बल्ब लावला तर होल्डर वितळतो, कारण त्या वायरी तेवढ्या करंटसाठी नसतात; वेगळा रिले टाकावा लागतो. याउलट पिवळी पडलेली प्लास्टिकची काच पॉलिश पेपरने घासून, वर उन्हापासून वाचवणारा थर दिला आणि दिव्यांचा कोन नीट करून घेतला, तर तोच जुना हॅलोजन रस्ता दाखवायला लागतो. पण त्याचा फोटो स्टेटसला टाकण्यासारखा येत नाही.

इथली माझी गाडी २००८ ची कॉम्बी, म्हणजे मागे लांब डिकी असलेली गाडी, आहे. तिला पार्किंग सेन्सर, ब्लूटूथ, डॅब म्हणजे डिजिटल रेडिओ, सगळं मी नंतर बसवलं. दिवे मात्र बरीच वर्षं तसेच ठेवले, कारण हॅलोजनच्या जागी एलईडी बल्बला जर्मनीत पहिली मंजुरी मिळाली तीच मुळी २०२० मध्ये, आणि तीही मॉडेलवार यादी करून. माझी गाडी यादीत यायची मी वाट पाहिली. आली तेव्हा बल्ब घेतले, आणि त्यांचा आबेचा, म्हणजे मंजुरीचा, कागद तेव्हापासून डॅशबोर्डच्या खणात आहे. दर दोन वर्षांनी गाडी तपासणारा ट्यूफवाला तो मागतो, मी देते, तो बघतो, पास झाल्याचं प्लाकेट, म्हणजे स्टिकर, लावतो. यात मला कधी जाच वाटला नाही. घरी हे सांगितलं की सगळे म्हणतात, तिथे लोक नियम पाळतात म्हणून चालतं. मला वाटतं, नियमाला वाट ठेवलेली असते म्हणून लोक पाळतात.

आपल्याकडे ती वाट अरुंद आहे. गाडीतल्या बदलांवर बंधन घालणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की निर्मात्याच्या मूळ तपशिलाहून वेगळी होईल अशी गाडी बदलता येणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. उद्देश चांगलाच आहे. पण सीएनजी किटची आरसीवर रीतसर नोंद होऊ शकते, तर तपासून मंजूर केलेल्या दिव्यांच्या संचाची का होऊ नये? शिवाय आपल्याकडे ५० वर्षं झाल्याशिवाय गाडी विंटेज ठरत नाही. इथे ३० वर्षांच्या, मूळ रूपात जपलेल्या गाडीला एच नंबर, म्हणजे ऐतिहासिक गाडीचा नंबर, मिळतो. आपल्याकडे १५ ते ५० या मधल्या ३५ वर्षांत गाडीचा कोणी वालीच नसतो, आणि मग चुलतभावासारखी माणसं तिला डबा म्हणतात.

गाडी भंगारात द्या म्हणणाऱ्यांचा एक मुद्दा मात्र खरा आहे, तो मी टाळणार नाही. ग्रुपवर कोणीतरी छातीठोकपणे लिहिलं की आजकाल एबीएससुद्धा (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) बसवून मिळतं, एअरबॅगही. हे वाचून मला खरोखर राग आला. एबीएससाठी चारही चाकांना सेन्सर, प्रेशर सोडणारं-धरणारं युनिट आणि त्या गाडीच्या वजनाला जुळवलेलं प्रोग्रामिंग लागतं. एअरबॅग कधी आणि किती जोरात फुगायची, हे तीच बॉडी आपटून आपटून ठरवलेलं असतं. ते नंतर कोणी बसवून देत असेल तर तो जिवाशी खेळ आहे. भारतात सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं २०१९ मध्ये. २००९ च्या आपल्या गाडीत ते नाही, आणि कितीही सजवलं तरी येणार नाही. म्हणून तिचे टायर (बाजूच्या चार आकड्यांत आठवडा आणि वर्ष असतं, ते वाचा), ब्रेक ऑइल आणि मागच्या सीटचे पट्टे आधी. स्क्रीन शेवटी.

स्क्रीनबद्दल मी भाच्यावर थोडा अन्यायच केला. जुन्या डॅशबोर्डमधली ती चौकोनी खाच १८० बाय ५० मिलिमीटरची असते, किंवा दुप्पट उंचीची. तिला डिन म्हणतात ते जर्मनीच्या मानक संस्थेवरून. त्या एका मापामुळे २००९ च्या गाडीत आजची स्क्रीन बसते. इथे शेजारच्यांच्या गाडीत कंपनीचीच ऑनलाइन सेवा होती. २०२१ मध्ये ३जी बंद झालं आणि ती मुकी झाली. डॅशबोर्ड अखंड असल्याने बदलताही येईना. म्हणजे जुनी गाडी या बाबतीत जास्त टिकाऊ निघाली. हे मी भाच्याला कळवलं. त्याने उलट विचारलं, "आत्या, भारताने नव्या गाड्यांना मागचे सेन्सर २०१९ मध्येच सक्तीचे केले. तुमच्या युरोपने सगळ्या नव्या गाड्यांना कधी केले?" २०२४. मी उत्तर दिलं नाही. "तुमच्या" हा शब्द मात्र पुन्हा पुन्हा वाचला.

कॅमेऱ्याला माझा विरोध का होता, ते ग्रुपवर लिहिता येण्यासारखं नव्हतं. गाडी चालवायला मी याच गाडीवर शिकले, २००९ मध्ये. रिव्हर्स घेताना बाबा मागे उभे राहायचे. डिकीवर थाप मारत "येऊ दे, येऊ दे... हं, बास." दोन वर्षांनी मी इकडे आले. भारतातलं लायसन्स सहा महिन्यांनी चालेनासं झालं, पुन्हा फारशुले म्हणजे ड्रायव्हिंग स्कूल, पुन्हा थिअरी, पुन्हा परीक्षा. पंधरा वर्षांत इथे माझ्या गाडीमागे कोणी उभं राहिलेलं नाही. सेन्सर वाजतो, मी थांबते. गेल्या डिसेंबरात घरी गेले तेव्हा भावाने किल्ली हातात दिली आणि मी इथल्या सवयीने सरळ डाव्या दाराशी जाऊन उभी राहिले. तो काही बोलला नाही. रिव्हर्स घेताना मागे जाऊन उभा राहिला आणि बाबांच्याच आवाजात "येऊ दे" म्हणाला. कॅमेरा आला की हेही जाणार, असं माझ्या मनात होतं. जी गाडी मी वर्षातून चार दिवस चालवते, ती बाकीचे तीनशे एकसष्ट दिवस चालवणाऱ्याने बदलू नये, असा हट्ट मी दिव्यांच्या वॅटखाली लपवत होते.

परवा भाच्याला लिहिलं, बसव. फक्त डॅशबोर्ड कापू नको, त्याच मापाची फ्रेम घे. मूळ वायरी तोडू नको, जोडणीचा तयार सॉकेट मिळतो. कॅमेऱ्याला करंट रिव्हर्सच्या दिव्यावरून दे. जुना प्लेअर कपाटात ठेव. आणि हेडलाइट घासून घे.

काल त्याने दोन फोटो पाठवले. एकात हेडलाइट, स्वच्छ, आत तोच हॅलोजन. दुसरा नव्या स्क्रीनचा. हिरव्या-पिवळ्या-लाल रेषा, आणि पिवळ्या रेषेच्या जरा मागे भावाच्या चपला.