‘उष्णतारोधक’ शिक्क्याचा अर्थ ‘कितीही तापवा’ असा होत नाही

‘उष्णतारोधक’ असा शिक्का असलेली वस्तू कितीही तापली तरी बिघडत नाही, असे सांगणारा एक संदेश सध्या हातोहात पुढे पाठवला जात आहे. त्यात चार दाखले दिले आहेत: अशी काच तडकत नाही, सिलिकॉनचा साचा ज्वाळेवरही चालतो, टेफ्लॉन अवकाशयानांसाठी शोधले गेल्यामुळे त्याचा भांड्यांवरील न चिकटणारा लेप निर्धोक असतो आणि उष्णतारोधक हातमोजा ओला केल्यास हात अधिकच सुरक्षित राहतो.

मुळात घोटाळा शब्दातच आहे. उष्णता सोसणे हा एक गुण आणि उष्णता अडवणे हा दुसरा. पहिल्यासाठी ‘उष्णतासह’ हा नेमका शब्द मराठीत आहे, पण बाजारात दोहोंनाही ‘रोधक’च म्हटले जाते. लोखंडी तवा उष्णता उत्तम सोसतो, अडवत मात्र नाही. थर्मोकोल ती उत्तम अडवतो, पण सुमारे १०० अंश सेल्सिअसपाशीच मऊ पडतो.

काचेचा दाखला पाहू. काच तडकते ती तापमानामुळे नव्हे, तापमानातील फरकामुळे. एक भाग गरम आणि दुसरा थंड असला की त्यांच्या प्रसरणात तफावत पडते आणि तो ताण ठिसूळ काचेला सोसवत नाही. जर्मन काचरसायनतज्ज्ञ ओटो शॉट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तयार केलेल्या बोरोसिलिकेट काचेत बोरॉनचे ऑक्साइड असते, आणि ती साध्या काचेच्या जेमतेम एक-तृतीयांश इतकीच प्रसरण पावते. ताण कमी होतो, नाहीसा होत नाही. म्हणून भट्टीतून काढलेले भांडे ओल्या ओट्यावर ठेवल्यास तेही फुटू शकते. शिवाय या शिक्क्याखाली विकली जाणारी काही भांडी बोरोसिलिकेटची नसतातच. ती कडक केलेल्या साध्या काचेची असतात, आणि ती फुटतात तेव्हा त्यांचे एकदम असंख्य तुकडे होतात. जवळजवळ शून्य प्रसरणाची काच-सिरॅमिक द्रव्ये आहेत खरी, पण ती वेगळी जात झाली.

सिलिकॉनबाबत फार बोलण्याची गरज नाही. साच्याच्या या रबरासारख्या द्रव्यातील सिलिकॉन (मूलद्रव्य) आणि ऑक्सिजन यांच्या अणूंची साखळी चिवट असली तरी तिला जोडलेले कार्बनी गट तितके चिवट नसतात, त्यामुळे बहुतेक साच्यांची मर्यादा २०० ते २३० अंशांच्या आसपास असते. ज्वाळेचे तापमान हजार अंशांच्या वर जाते. तिथे साचा जळतो आणि मागे सिलिकाची (वाळूतील मुख्य द्रव्याची) पांढरी भुकटी उरते.

टेफ्लॉनची कथा तर इतिहासालाच धरून नाही. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ रॉय प्लंकेट यांना हे द्रव्य ६ एप्रिल १९३८ रोजी शीतकरणाच्या वायूंवर काम करताना अनपेक्षितपणे सापडले. नासाची स्थापना १९५८ मधली, आणि लेप दिलेली भांडी फ्रान्समध्ये त्याआधीच विक्रीस आली होती. (अवकाशाचे नाव घेतले की माल खपतो, हे मात्र खरे.) हा लेप साधारण २६० अंशांपर्यंत स्थिर राहतो, त्यामुळे मध्यम आचेवर घाबरण्याचे कारण नाही. मोठ्या आचेवर रिकामे भांडे मात्र काही मिनिटांतच ही मर्यादा ओलांडते. त्यानंतर लेपाचे विघटन होऊन निघणारी वाफ पाळीव पक्ष्यांचा जीव घेऊ शकते आणि माणसाला तापासारखी लक्षणे देते.

चौथा दाखला सर्वांत घातक आहे. कापडी हातमोजा हात वाचवतो तो मुख्यतः धाग्यांमध्ये अडकलेल्या हवेच्या बळावर, आणि पाणी त्या हवेपेक्षा वीसपटींहून अधिक वेगाने उष्णता वाहून नेते. ओल्या मोज्याने २०० अंशांचे भांडे धरले की आतले पाणी क्षणात वाफ होते आणि मोजा काढण्याआधीच हात पोळतो. ॲरामिड या उष्णता सोसणाऱ्या कृत्रिम धाग्याचा महागडा मोजा असला तरीही हेच घडते, कारण तो धागा स्वतः वितळत नाही एवढेच. भिजल्यावर त्यातूनही उष्णता आत येतेच.